सॅन बर्नार्डिनोचं पाणी

हे तळं पाहा. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या दक्षिण टोकाला, मेक्सिकोच्या सीमेला अगदी खेटून. चहूकडे रखरखीत माळ, काटेरी झुडपं आणि मधेच हे पाणी, काठावर कॉटनवुडची झाडं. समोरचं घर जॉन स्लॉटरचं.

स्लॉटर १८४१ साली लुइझियानात जन्मला, टेक्सासमध्ये वाढला, आणि गुरं हाकत इकडे आला. १८८४ मध्ये त्याने सॅन बर्नार्डिनोची रँच, म्हणजे गुरं पाळायची विस्तीर्ण जमीन, घेतली. सुमारे ६५ हजार एकर, त्यातली बरीचशी जमीन सीमेपलीकडे. १८८७ च्या मे महिन्यात भूकंपाने इथली मातीच्या विटांची घरं पाडली. त्याने ती पुन्हा उभारली.

त्याच वर्षी तो कोचीस परगण्याचा शेरीफ, म्हणजे कायदा राखणारा अधिकारी, झाला. ठाणं टूमस्टोनला. अंगाने ठेंगणा, दम्याने बेजार, तरी गुरेचोर आणि दरोडेखोरांचा माग त्याने चिकाटीने काढला. ज्यांना पकडायला तो गेला, ते सगळेच तुरुंगापर्यंत पोचले नाहीत. लोकांनी त्याला त्यासाठीही डोक्यावर घेतलं. मला ते पटत नाही. निवाडा करायचं काम शेरीफचं नव्हे.

पुढे १९०६ मध्ये तो प्रादेशिक विधिमंडळावर निवडून गेला. ॲरिझोनाला राज्याचा दर्जा मिळायला तेव्हा सहा वर्षं होती. १९२२ मध्ये डग्लस गावी तो वारला.

पण या घरात पाय ठेवला की मन अडकतं ते एका लहान मुलीपाशी. १८९६ मध्ये लष्करी तुकडीबरोबर तो अपाचे या इथल्या मूलनिवासी लोकांच्या एका टोळीच्या मागावर डोंगरात गेला. पहाटे छापा पडला, माणसं जीव घेऊन पळाली आणि एक चिमुरडी मागे राहिली. स्लॉटरने तिला घोड्यावरून घरी आणलं. मे महिन्यात सापडली, म्हणून नाव ठेवलं अपाचे मे. पोर त्याच्या मागे मागे सावलीसारखी फिरायची. तोही तिच्यावर जीव टाकायचा. पण तिची माणसं ज्यांनी पळवून लावली, त्यांच्यातलाच तो एक होता. ही गोष्ट सांगताना तेवढं गाळता येत नाही.

१९०० मध्ये अंगणातल्या चुलीची ठिणगी तिच्या कपड्यांना लागली. ती वाचली नाही.

आज या परिसरात वन्यजीव अभयारण्य आहे. याकी नदीच्या खोऱ्यातले दुर्मिळ मासे इथल्या पाण्यात जपले जातात. रँच होण्याच्या कितीतरी आधीपासून अपाचे माणसं याच झऱ्यांवर पाणी प्यायला येत.