बंदुका हातात असूनही थांबायला सांगणारा सेनापती : शानाना गुझ्मांव आणि तिमोर

नमस्कार मंडळी.

सप्टेंबर १९९९. पूर्व तिमोरची राजधानी 'दिली' जळतेय. इंडोनेशियाच्या लष्कराने पोसलेल्या टोळ्या घरं पेटवताहेत, माणसं कापताहेत. आणि तिकडे डोंगरात, वायमोरीच्या छावणीत, फालिंतिलचे, म्हणजे तिमोरच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फौजेचे, शेकडो गनिमी सैनिक बंदुका मांडीवर घेऊन बसलेत. त्यांच्याच घरच्यांना मारलं जातंय, हे त्यांना कळतंय. पण सेनापतीचा हुकूम आहे : छावणी सोडायची नाही.

हा सेनापती म्हणजे शानाना गुझ्मांव. हुकूम दिला तेव्हा तो स्वतः जकार्त्यात नजरकैदेत होता.

(पडद्यावर नकाशा)

थोडं मागे जाऊ. पूर्व तिमोर ही पोर्तुगिजांची वसाहत. गोव्याच्या मंडळींना हे जवळचं वाटेल, कारण एकेकाळी तिमोरचा कारभार गोव्यातूनच चालायचा. १९७५ मध्ये २८ नोव्हेंबरला फ्रेतिलिन पक्षाने स्वातंत्र्य जाहीर केलं आणि अवघ्या नऊ दिवसांत इंडोनेशियाचं सैन्य घुसलं. पुढची चोवीस वर्षं ताबा त्यांचाच. नंतरच्या सत्यशोधन आयोगाच्या अंदाजाप्रमाणे त्या काळात किमान १,०२,८०० माणसं गेली, कित्येक तर नुसत्या उपासमारीने आणि रोगराईने. आधीचा सेनानी निकोलाव लोबातो १९७८ च्या अखेरीस मारला गेला, आणि उरलासुरला लढा शानानाने पुन्हा उभा केला.

त्याचा मला सर्वांत मोठा वाटणारा निर्णय १९८७ चा. त्याने फ्रेतिलिन सोडली आणि फौजही पक्षापासून वेगळी केली. ही फौज देशाची, एका पक्षाची नव्हे. डोंगरात लपूनछपून लढताना इतक्या लांबचं पाहणं सोपं नव्हतं. १९९२ मध्ये तो पकडला गेला, पण सूत्रं तुरुंगातूनही त्याच्याच हातात राहिली.

मग ३० ऑगस्ट १९९९ चं सार्वमत. ७८.५ टक्के लोकांनी स्वातंत्र्याच्या बाजूने मत दिलं आणि सूड म्हणून देश जाळला गेला. फालिंतिलने तेव्हा एक गोळी जरी झाडली असती, तरी 'बघा, हे तर यादवी युद्ध' म्हणायला जकार्ता टपलेलंच होतं. सैनिक थांबले. २० सप्टेंबरला ऑस्ट्रेलियाच्या नेतृत्वाखालची आंतरराष्ट्रीय फौज उतरली.

२० मे २००२ ला देश स्वतंत्र झाला, शानाना राष्ट्राध्यक्ष. गोष्ट इथे संपत नाही, कारण खरी परीक्षा पुढेच होती.

२००१ मध्ये नवं सैन्य उभारताना फालिंतिलमधले जेमतेम ६५० जण घेतले. बाकीच्यांना थोडी मदत देऊन घरी पाठवलं. ज्यांनी उमेदीची वर्षं जंगलात काढली, त्यांच्या हाती काय आलं, सांगा! त्यात अधिकारी बहुतेक पूर्वेकडचे. पश्चिमेकडच्या पोरांची तक्रार, की बढतीत आम्हाला डावलतात. २००६ च्या सुरुवातीला जवळपास सहाशे सैनिक छावण्या सोडून निघाले आणि सरकारने त्यांना सरळ बडतर्फ केलं. सगळं सैन्यच मुळात दीड हजाराच्या आतबाहेर!

मार्चमध्ये शानानाने दूरदर्शनवर भाषण केलं. तक्रारीत तथ्य आहे, हे तो बोलला. पण पूर्व-पश्चिम हा भेद ज्या भाषेत त्याने मांडला, त्याने आगीत तेलच पडलं. माझ्या मते ही त्याची मोठी चूक. राष्ट्राध्यक्षाचा शब्द साध्या माणसाच्या शब्दासारखा हवेत विरत नाही. मे महिन्यात सैन्य आणि पोलीस एकमेकांवर उठले. २५ मे रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या झेंड्याखाली निःशस्त्र बाहेर पडलेल्या पोलिसांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या. दीड लाखाच्या आसपास लोक बेघर झाले. पंतप्रधान मारी अल्कातिरींना राजीनामा द्यावा लागला.

२००७ मध्ये आघाडी करून शानाना स्वतः पंतप्रधान झाला. फेब्रुवारी २००८ मध्ये सैन्यातून फुटलेल्या बंडखोरांनी राष्ट्राध्यक्ष रामुश-ओर्तांना त्यांच्याच घरी गोळ्या घातल्या. ते थोडक्यात वाचले. त्याच सकाळी शानानाच्या गाड्यांवरही दबा धरून हल्ला झाला. त्याला साधं खरचटलंही नाही.

आणि नंतर त्याने काय केलं? बडतर्फ सैनिकांना पैसे देऊन नागरी जीवनात बसवलं. ज्यांची घरं जळली त्यांना ४,५०० डॉलरपर्यंत भरपाई दिली. २००९ पर्यंत बेघरांच्या छावण्या रिकाम्या झाल्या. टीकाकार म्हणाले, ही शांतता देशाच्या खनिज तेलाच्या पैशाने विकत घेतलेली. असेल. पण तंबूत दोन-तीन पावसाळे काढलेल्या बाईला घराचं छप्पर मिळालं, ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

२०१५ मध्ये त्याने पंतप्रधानपद सोडलं आणि त्या खुर्चीवर विरोधी फ्रेतिलिनचे डॉक्टर रुई आराऊजो यांना बसवलं. हे मी मनापासून वाखाणतो. मात्र २०२३ मध्ये, वयाच्या ७७ व्या वर्षी, पंतप्रधान पुन्हा तोच. आणि राष्ट्राध्यक्षपदी पुन्हा रामुश-ओर्ता. जंगलातल्या लढ्यानंतर जन्मलेली पिढी आज मतदान करते, तिच्यातलं कुणी अजून त्या खुर्चीपर्यंत पोचलेलं नाही, आणि याचा दोष काही अंशी शानानाकडेही जातो.