शांताच्या घरी आलेला पाहुणा

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्यात तलावपाळीला, गडकरी रंगायतनमध्ये नाटक पाहत होतो. पहिला अंक संपता संपता शेजारच्या आजी पदरानं डोळे पुसत होत्या. मध्यंतरात त्याच आजी बटाटावडा हातात धरून लेकीला म्हणाल्या, "काय सुरेख रडवलं गं!"

त्या 'सुरेख' शब्दाशी मी अडखळलो. घरात दुःख झालं तर त्याला कुणी सुरेख म्हणेल का? मग नाटकातल्या दुःखाला ही गोडी येते कुठून? आपलं साहित्यशास्त्र या प्रश्नापाशी शतकानुशतकं ठाण मांडून बसलं आहे.

भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात याचं उत्तर थेट ताटातून दिलं. नाना व्यंजनांचं अन्न जेवणारा जसा चव घेतो, तसा प्रेक्षक भावांची चव घेतो. आपली आमटीच घ्या ना. चिंच आंबट, गूळ गोड, मिरची तिखट. पण उकळी फुटल्यावर जी चव येते, ती यातल्या एकट्या कुणाचीच नसते. रंगमंचावर आईपासून मूल दुरावतं, तो विभाव, म्हणजे कारण. तिचा कापरा आवाज, अश्रू, हे अनुभाव, म्हणजे बाहेर दिसणाऱ्या खुणा. मधूनच चिंता येते, आठवण येते, ग्लानी येते. असे येऊन जाणारे व्यभिचारी भाव भरतांनी ३३ मोजले. हे सगळं एकजीव झालं की शोकाचा करुण रस होतो; रस म्हणजे प्रेक्षकाला चाखता येणारी भावाची चव.

पण शोक कुणाचा? नटीचा म्हणावं, तर ती रंग पुसून पुढच्या प्रयोगाच्या गावाला निघालेली असते. इथं मला साहित्यशास्त्राचे जुने पंडित भट्टनायक फार जवळचे वाटतात. त्यांचा शब्द आहे साधारणीकरण. ती आई त्या घरापुरती राहत नाही, माझी किंवा तुमचीही होत नाही. माझं-तुझं गळतं आणि नुसतं आईपण उरतं. अशा दुःखाला धनी नसतो, म्हणून ते चाखता येतं. काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी पुढे सांगितलं की हा भाव संस्कार होऊन आपल्या मनात आधीच असतो. नाटक त्याला जागं करतं. ज्याचं मन असं चटकन जागं होतं, तो सहृदय. त्या आजी सहृदय होत्या.

भरतांनी रस आठ सांगितले. नववा शांत, आणि त्यावरून पंडितांचे पुष्कळ वाद झाले. आपल्या ज्ञानदेवांनी मात्र शांताला चक्क यजमान केलं. ज्ञानेश्वरीत अकराव्या अध्यायाच्या सुरुवातीलाच ते म्हणतात:

जेथ शांताचेया घरा । अद्भुत आला आहे पाहुणेरा । आणि येरांही रसां पांतिकरां । जाहला मानु ॥

शांत रसाच्या घरी अद्भुत रस पाहुणा म्हणून आला, आणि त्याच्या निमित्तानं बाकीच्या रसांनाही पंगतीचा मान मिळाला! सगळं रसशास्त्र एका मराठी जेवणावळीत आणून बसवलं आहे.

आज दिवेलागणीनंतर हा अध्याय काढा आणि मोठ्यानं वाचा. विश्वरूप पाहून अर्जुन थरथर कापू लागतो, तिथं जरा थांबा, आणि पंगतीत आता कोण येऊन बसलंय ते पाहा.