एसटीनं येणारा डबा

(कर्मवीर भाऊराव पाटील जयंतीनिमित्त वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

मित्रहो, आजच्या दिवशी वक्ता काय बोलणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं. 1919 साली काले गावी रयत शिक्षण संस्था निघाली, 1924 ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं, मग ‘कमवा आणि शिका’. प्राथमिक शाळेपासून दर 22 सप्टेंबरला तुम्ही हे ऐकत आलाय. त्यात मी नवीन काय भर घालणार? म्हणून मी डब्याबद्दल बोलणार आहे. हसू नका. कॉलेजात कुठला तास कुणी घेतला ते आता आठवत नाही, पण डबा कुठल्या गाडीनं यायचा ते मला झोपेतून उठवलंत तरी सांगेन.

सत्तरच्या दशकात माण तालुक्यातून साताऱ्याला शिकायला आलेली आम्ही पोरं. यादोगोपाळ पेठेत एक खोली, त्यात चौघं. खानावळ परवडायची नाही आणि स्टोव्ह पेटवायला घरमालकाची परवानगी नव्हती. मग राहिली मुक्कामी गाडी. आजच्या काहीजणांना हे सांगावं लागेल : ही गाडी रात्री गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि उजाडायच्या आत ती परत निघते. म्हणजे आमच्या आया त्याच्याही आधी उठून चुलीपुढं. बाजरीच्या भाकरी, मटकीचं कालवण, खर्डा, कधी शेंगदाण्याची चटणी. कापडी पिशवीत डबा, डब्यावर ऑइलपेंटनं नाव. हे सगळे डबे ड्रायव्हरशेजारी इंजिनाच्या बॉनेटवर रचलेले असायचे. बॉनेट तापलेलं. त्यामुळं थंडीत भाकरी साताऱ्यापर्यंत कोमट राहायची, आणि उन्हाळ्यात त्याच उबेनं कालवण आंबायचं. तेही आम्ही खाल्लं आहे.

स्टँडवर डबा घ्यायला पाळीनं एकेकानं जायचं. गाडी फलाटाला लागली की कंडक्टर खिडकीतूनच नावं पुकारायचा. महामंडळाच्या कुठल्याही वेळापत्रकात डब्याचा रकाना नव्हता, आमच्या डब्याला तिकीटही कुणी कधी फाडलं नाही. तरी डबा चुकला, हरवला, असं क्वचित व्हायचं. पावसाळ्यात घाटात झाड पडलं की गाडी दुपारी यायची. त्या दिवशी तास संपवून उपाशीपोटी स्टँडवर बसायचं. सांगू का, मी सर्वांत जास्त वाचन त्या बाकावर केलं. खोलीत चौघांच्या गप्पा, लायब्ररीत झोप; स्टँडवर मात्र दुसरं करण्यासारखं काहीच नसे.

रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. तो धुऊन पाठवायचा की तसाच, यावर आमच्या खोलीत मोठे वाद झाले. एकाचं म्हणणं, आई धुतेच की. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईच्या हातात वाळलेल्या कालवणाचा डबा देणाऱ्यानं अर्थशास्त्रात पहिला वर्ग मिळवला तरी मला त्याचं कौतुक नाही. पण त्या रिकाम्या डब्यातून घरी बरंच काही कळायचं. भाकरी उरली असेल तर पोरगं आजारी आहे किंवा बाहेर खातंय. चटणी संपून भाजी तशीच असेल तर उद्या भाजी बदलायची. कधी तळाशी चिठ्ठी : ‘फी भरायची आहे, दादांना सांग.’ उत्तर दुसऱ्या दिवशी भाकरीच्या घडीत, तेलाचे डाग पडलेलं. आता सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फीचे पैसे वेळेवर येतात हे चांगलंच आहे.

चार डबे एकदम उघडायचे आणि मध्ये ठेवायचे, ही आमच्या खोलीची रीत. चौघं चार जातींचे होतो. हे कुणी ठरवून केलं नव्हतं, भाड्याचे चार भाग व्हायला हवे होते म्हणून जमलेली चौकडी. त्यातल्या एकाच्या आजीनं सुट्टीत त्याला विचारलं, ‘कुणाकुणाचं खातोस रे?’ तो म्हणाला, ‘भूक लागल्यावर बघायला वेळ नसतो.’ आजी त्यावर काहीच बोलली नाही म्हणे.

इथं मला अण्णा, म्हणजे कर्मवीर, आठवतात. साताऱ्यातल्या बोर्डिंगचे नव्हेत, कोल्हापुरात शिकत असतानाचे. जैन बोर्डिंगमध्ये राहात होते. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करून मगच आत यायचं, असं सांगितलं गेलं. त्यांनी नकार दिला आणि वसतिगृह सोडावं लागलं. विचार करा, एका विद्यार्थ्यानं एक आंघोळ नाकारली. भाषण नाही, मोर्चा नाही. पुढं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला जेवतील असं बोर्डिंग ज्यानं उभारलं, त्याची सुरुवात मला तिथं दिसते. आणि त्या पंगतीत धान्य संपलं तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने विकले, शेवटी मंगळसूत्रही दिलं. आपण हे भाषणात पटकन म्हणून टाकतो. पण कोठीत पीठ नाही, पोरं जेवायला बसायची वेळ झालेली, हा एवढाच त्या दिवशीचा प्रश्न होता.

आता थोडं आजचं. 2021 च्या दिवाळीच्या तोंडावर एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. कोविडनंतर वर्ग नुकते उघडले होते. संपकऱ्यांना मी नावं ठेवणार नाही; आमचे डबे सांभाळणाऱ्या माणसाला पुरेसा पगार मिळालाच पाहिजे. पण गाडी थांबली की काय काय थांबतं ते तेव्हा दिसलं. विद्यार्थ्यांना पासात 66.67 टक्के सवलत आहे, बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत आहे. खेड्यातल्या मुलीच्या बाबतीत ‘गाडी आहे तर जा’ हीच घरची परवानगी असते. वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी जीपमधून तिला कुणी पाठवत नाही. पास मोफत असून उपयोग काय, गाडीच नसेल तर?

म्हणून माझी मागणी साधी आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या गावची मुक्कामी गाडी बंद झाली असेल, त्यांनी आज रात्री गावाचं नाव, गाडीची जुनी वेळ आणि त्या गाडीनं शाळा-कॉलेजला जाणाऱ्या मुलामुलींची संख्या कागदावर लिहा. सुट्टीत घरी जाल तेव्हा ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. आगार व्यवस्थापकांना द्यायच्या अर्जाचा मसुदा मी तुमच्याबरोबर बसून लिहितो. मला आता वेळच वेळ आहे, आणि अर्ज लिहिण्यात मी बरा आहे.