कोर्लई : खाडीच्या मुखावरचे गाव

कुंडलिका नदी अरबी समुद्राला मिळते तिथे, रेवदंड्याच्या समोर, दक्षिण तीरावरचा एक लांबट डोंगर थेट पाण्यात शिरलेला दिसतो. त्याच्या पश्चिमेला खुला समुद्र, उत्तरेला नदीचे मुख आणि पूर्वेला खाडीचे संथ पाणी आहे; मुख्य भूमीशी तो जोडलेला आहे तो एका अरुंद पट्टीने. या डोंगराच्या पायथ्याशी रायगड जिल्ह्यातले कोर्लई गाव वसले आहे.

या गावाचा बहुतेक इतिहास त्या डोंगराने ओढवून घेतलेला आहे. पैलतीरावरचे चौल हे फार जुने बंदर; ग्रीक ग्रंथांत ते सिमुल्ला या नावाने येते, तर अरब प्रवासी त्याला सैमूर म्हणत. चौलला येणारे प्रत्येक गलबत कोर्लईच्या डोंगरावरून दिसे, आणि डोंगरावर तोफा चढवल्या की त्याला अडवताही येई. १५०८ मध्ये याच पाण्यात इजिप्तच्या मामलुक आणि गुजरातच्या सुलतानाच्या आरमारांनी पोर्तुगिजांचा पराभव केला आणि त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. तरीही पोर्तुगीज हटले नाहीत. १५२१ मध्ये त्यांनी अहमदनगरच्या निजामशहाच्या परवानगीने रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला. पुढे निजामशाहीशी त्यांचे बिनसले, तेव्हा दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाने रेवदंड्याची कोंडी करण्यासाठी समोरच्या डोंगरावर तटबंदी उभारली. पण १५९४ मध्ये पोर्तुगिजांनी तीच जिंकून घेतली आणि ज्या तोफा त्यांच्यावर रोखल्या जायच्या होत्या, त्यांचा धाक आता त्यांनीच इतरांना घातला.

सुमारे दीडशे वर्षे हा किल्ला त्यांच्याकडे राहिला. डोंगराच्या कण्यावरून गेलेला चिंचोळा तट, आडव्या भिंती घालून पाडलेले त्याचे भाग, पोर्तुगीज शिलालेख आणि छप्पर हरवलेले चर्च त्या काळाची साक्ष देतात. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि पुढच्याच वर्षी चौल व कोर्लई पोर्तुगिजांना मराठ्यांच्या हवाली करावे लागले.

सत्ता गेली, पण तिच्या आश्रयाने वाढलेली ख्रिस्ती वस्ती इथेच राहिली, आणि आमच्या मते कोर्लईची खरी कथा इथून सुरू होते. पोर्तुगीज आणि स्थानिक लोकांच्या सहवासातून घडलेली या वस्तीची बोली 'नो लिंग', म्हणजे 'आमची भाषा', या नावाने ओळखली जाते. तिचा शब्दसंग्रह मुख्यतः पोर्तुगीज असला, तरी तिची वाक्यरचना मराठीच्या शेजारात इतकी बदलली की क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. (पाव, चावी, पगार हे शब्द आपण रोज वापरतो, तेव्हा ही देवाणघेवाण काही एकतर्फी नव्हती.) भोवतालच्या समाजाशी लग्नसंबंध नव्हते, गोव्यातल्या पोर्तुगीज जगाशी नाते विरळ झाले होते आणि रेवदंड्याला जायचे तर तरीशिवाय मार्ग नव्हता, या एकटेपणानेच ही बोली टिकवून धरली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुंडलिकेवर पूल झाला आणि कोर्लई अलिबागच्या रस्त्याशी जोडले गेले. किल्ल्याच्या वाटेवरचे दीपगृह पाहायला आता पर्यटक येतात, कोळ्यांच्या होड्या जून-जुलैची मासेमारी बंदी पाळून पुन्हा समुद्रात उतरतात, आणि मुले मराठीतून शिकतात. नो लिंग बोलणारे आज हजाराच्या आसपास आहेत. पायथ्याच्या माउंट कार्मेल चर्चमधली प्रार्थना मराठीत होते, आणि ती आटोपून बाहेर आलेली वडीलधारी माणसे अंगणात एकमेकांची विचारपूस करतात ती मात्र नो लिंगमध्येच.