विनिपेगचा पांढरा एप्रिल

कॅनडातील मॅनिटोबा प्रांताच्या राजधानीचा, म्हणजे विनिपेगचा, हा मध्यवर्ती भाग. पोर्टेज अव्हेन्यूवरून डोनाल्ड स्ट्रीटकडे वळणाऱ्या या गर्दीत रंगीत कपडा शोधावा लागेल. कोणी पांढरी जर्सी घातली आहे, कोणी रंगाऱ्यांचा पांढरा झगा चढवला आहे, कोणी चेहऱ्याला आणि दाढीला पांढरा रंग फासला आहे, आणि ही तरुणी तर चक्क लग्नातला पांढरा पायघोळ पोशाख घालून, तो दोन्ही हातांनी उचलून धरत, ओल्या रस्त्यावरून चालली आहे. तारीख आहे १९ एप्रिल २०२५, वार शनिवार. नॅशनल हॉकी लीगच्या बाद फेरीत विनिपेग जेट्सचा पहिला सामना आज संध्याकाळी सेंट लुईस ब्लूजशी आहे.

बर्फावरच्या हॉकीची ही लीग बत्तीस संघांची आहे. या हंगामात प्रत्येक संघ ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत ८२ सामने खेळतो आणि त्यांतून सोळा संघ बाद फेरीत येतात. तेथे प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी सात सामन्यांची मालिका असते आणि चार सामने आधी जिंकणारा संघ पुढे जातो. अशा चार मालिका, म्हणजे एकूण सोळा विजय, ज्याच्या पदरी पडतील त्याला स्टॅन्ली चषक मिळतो. विनिपेग जेट्सना तो एकदाही मिळालेला नाही. कॅनडाच्या कोणत्याही संघाला तो मिळाल्यालाही बराच काळ लोटला आहे. १९९३ साली मॉन्ट्रियलने तो जिंकला, त्यानंतर नाही.

यंदाच्या आशेला मात्र आकड्यांचा आधार आहे. जेट्सनी ८२ पैकी ५६ सामने जिंकले, ११६ गुण मिळवले आणि संपूर्ण लीगमध्ये पहिले स्थान पटकावले. काइल कॉनरने ४१ गोल केले. गोलरक्षक कॉनर हेलेबक याच्या नावावर ४७ विजय आहेत आणि त्यांतील आठ सामन्यांत त्याने प्रतिस्पर्ध्याला एकही गोल करू दिलेला नाही. प्रशिक्षक स्कॉट आर्निएल यांचे मुख्य प्रशिक्षक म्हणून विनिपेगमधले हे पहिलेच वर्ष आहे. ऐंशीच्या दशकात ते स्वतः याच शहराच्या जुन्या जेट्स संघातून खेळले होते. तरीही या गर्दीत मागच्या वर्षीची आठवण कोणी बाजूला ठेवलेली नाही. २०२४ मध्ये पहिल्याच फेरीत कोलोरॅडोने पाच सामन्यांत विनिपेगचा निकाल लावला होता आणि त्या पाचही सामन्यांत किमान पाच गोल चढवले होते.

आता कॅनडा लाइफ सेंटरच्या आत जाऊ. प्रेक्षक येण्याआधीचे हे सभागृह रिकामे आहे आणि काम चालू आहे ते मधल्या बर्फावर. सुमारे ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद असा हा पट्टा आहे आणि त्याची जाडी मात्र दोन-तीन सेंटीमीटरच्याच आसपास असते. त्याच्याखाली काँक्रीट आहे, काँक्रीटमध्ये नळ्या आहेत आणि नळ्यांतून गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली थंड केलेला द्रव सतत फिरत असतो. हंगामाच्या सुरुवातीला पाण्याचे पातळ थर एकावर एक फवारून हा बर्फ बसवला जातो. खालच्या थरांवर पांढरा रंग दिला जातो, त्यावर लाल आणि निळ्या रेषा आखल्या जातात आणि मग पुन्हा पाण्याचे थर चढतात, म्हणजे आपल्याला दिसणारी प्रत्येक रेषा बर्फाच्या पोटात असते. एप्रिलमध्ये या बर्फाची निगा राखणे अवघड होते, कारण बाहेरची हवा कोमट आणि दमट होऊ लागते, दारे सारखी उघडतात आणि पंधरा हजार माणसांच्या अंगाची ऊब आत साठते. बर्फ जरा मऊ पडला की या खेळात चेंडूच्या जागी असणारी रबराची चकती अडखळते आणि वेगवान संघाचा वेग पहिल्यांदा मारला जातो. त्यामुळे हवेतला ओलावा काढून टाकणाऱ्या यंत्रांना या दिवसांत उसंत नसते.

संथ वळणे घेत फिरणारे हे वाहन बर्फाचा वरचा चिरलेला पापुद्रा पात्याने खरवडून घेते आणि मागे पाण्याची पातळ साय सोडत जाते. ते पाणी गरम असते. गरम पाणी खालचा थर किंचित वितळवते, त्याच्याशी एकजीव होते आणि मग काचेसारखे सपाट गोठते. सामन्याच्या तीन सत्रांपैकी प्रत्येकाच्या आधी हे वाहन पुन्हा येते, आणि सामना जादा वेळेत गेला तर त्या सत्राआधीही येते.

हा आवाज सहाणेच्या चाकाचा आहे. खेळाडूंच्या खोलीपलीकडच्या या अरुंद जागेत स्केटच्या पात्यांना धार लावली जाते. पाते जेमतेम तीन मिलिमीटर रुंद असते आणि त्याच्या तळाला मधोमध बारीक खोबण काढलेली असते, त्यामुळे एकाच पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा मिळतात. खोबण खोल असेल तर कडा बर्फात घट्ट रुततात आणि वळण करकचून घेता येते. उथळ असेल तर घसरण सोपी होते आणि पायांची ताकद वाचते. किती खोल हवी, हे प्रत्येक खेळाडूचे ठरलेले असते आणि धार लावणाऱ्याला ते तोंडपाठ असते. दोन्ही कडा समपातळीत आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी तो पात्यावर एक नाणे आडवे ठेवतो, स्केट डोळ्यांच्या रेषेत धरतो आणि नाणे एका बाजूला झुकते आहे का ते बघतो. झुकले, तर पाते पुन्हा चाकावर जाते. पलीकडच्या बाकावर स्टिकच्या पात्याला काळी चिकटपट्टी गुंडाळणे चालू आहे, आणि रबराच्या चकत्या शीतकपाटात ठेवल्या आहेत, कारण कोमट रबर बर्फावर उसळते आणि गोठलेले रबर सरळ सरपटते.

सकाळचा सराव आटोपशीर असतो. या टप्प्यावर नवे काही शिकवले जात नाही. खेळाडूंच्या चार फळ्या आळीपाळीने बर्फावर येतात, प्रत्येक फळी पाऊण-एक मिनिट जीव तोडून खेळते आणि खेळ न थांबवता बदलते. हा बदल किती सफाईने होतो, यावर बाद फेरीतले निम्मे सामने फिरतात असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. कर्णधार अॅडम लाउरी गोलजाळीच्या तोंडाशी उभा राहून दुरून येणाऱ्या फटक्यांना स्टिकचा हलका स्पर्श देत आहे, म्हणजे चकतीची दिशा शेवटच्या क्षणी बदलावी. हे चित्र लक्षात ठेवावे. बाद फेरी संपेपर्यंत दाढी न करण्याचा जुना रिवाजही खेळाडू पाळत आहेत. कोणाची दाढी शोभते आणि कोणाची नाही, याची चर्चा प्रेक्षकांत खेळाच्या चर्चेइतक्याच गांभीर्याने होते.

हा पांढरा रंग कोठून आला, हे जाणून घेण्यासाठी १९८७ साली जावे लागते. त्या वर्षी बाद फेरीत विनिपेगसमोर कॅल्गरी होते. कॅल्गरीचे प्रेक्षक लाल कपड्यांत येत आणि सारे सभागृह लाल दिसे. त्याला उत्तर म्हणून विनिपेगच्या प्रेक्षकांना पांढरे कपडे घालून येण्याचे आवाहन करण्यात आले. लोक आले, विनिपेगने ती मालिका सहा सामन्यांत जिंकली आणि प्रथा रुजली. संघ त्याहून जुना होता. १९७२ मध्ये वर्ल्ड हॉकी असोसिएशन नावाची प्रतिस्पर्धी लीग उभी राहिली तेव्हा जेट्सनी शिकागोचा नामांकित खेळाडू बॉबी हल याला करारबद्ध केले आणि पोर्टेज व मेन या चौकात, भर गर्दीत, त्याला दहा लाख डॉलरचा भलामोठा धनादेश देण्यात आला. त्या लीगचे विजेतेपद विनिपेगने १९७६, १९७८ आणि १९७९ असे तीनदा मिळवले आणि १९७९ मध्येच संघ नॅशनल हॉकी लीगमध्ये दाखल झाला.

नव्वदच्या दशकात हिशेब जुळेनासा झाला. खेळाडूंचे पगार अमेरिकी डॉलरमध्ये द्यावे लागत, उत्पन्न मात्र घसरणाऱ्या कॅनेडियन डॉलरमध्ये येई. पगारावर मर्यादा नव्हती आणि सभागृह जुने झाले होते. १९९५ मध्ये संघ वाचवण्यासाठी शहर रस्त्यावर उतरले. द फोर्क्स या नदीसंगमावरच्या मैदानात हजारो लोक जमले आणि मुलांनी आपल्या साठवणीच्या डब्यांतली नाणी आणून दिली. एवढ्याने संघ एका हंगामापुरता थांबला. २८ एप्रिल १९९६ रोजी डेट्रॉइटविरुद्ध जुन्या जेट्सचा शेवटचा सामना झाला आणि संघ अॅरिझोनातील फीनिक्सला गेला. व्यवहार म्हणून तो निर्णय समजून घेता येतो. पण साठवणीच्या डब्यातली नाणी देणाऱ्या मुलांना ताळेबंदात जागा नसते, हेही येथे नोंदवले पाहिजे. वाळवंटातल्या त्या संघाची पुढची वर्षेही फारशी सुखाची गेली नाहीत, आणि २०२४ मध्ये तेथले खेळाडू सॉल्ट लेक सिटीला हलवण्यात आले.

विनिपेगने पंधरा वर्षे वाट पाहिली. दरम्यान ईटन्सचे जुने दुकान जेथे होते त्या जागी, २००४ मध्ये, हे नवे सभागृह उभे राहिले आणि २००५ पासून लीगने पगारांवर कमाल मर्यादा घातली. या दोन गोष्टींमुळे छोट्या शहराचे गणित पुन्हा मांडता आले. ३१ मे २०११ रोजी मार्क चिपमन आणि डेव्हिड थॉमसन यांच्या ट्रू नॉर्थ कंपनीने अटलांटा थ्रॅशर्स हा संघ विकत घेऊन विनिपेगला आणत असल्याचे जाहीर केले. संघ टिकायचा तर तेरा हजार हंगामी तिकिटे विकली जायला हवीत, असे कंपनीने सांगितले होते आणि त्यासाठी लोकांना अनेक वर्षांची बांधिलकी पत्करावी लागणार होती. विक्री सर्वांसाठी खुली झाली आणि उरलेली तिकिटे काही मिनिटांत संपली. आजही राष्ट्रगीत चालू असताना 'ट्रू नॉर्थ' हे शब्द आले की सारे सभागृह ते एका आवाजात ओरडते. मालक कंपनीचे नाव असे राष्ट्रगीतातून पुकारणारे प्रेक्षक दुसरीकडे क्वचितच असतील.

लीगमधले हे सर्वांत लहान महानगर आहे. २०२१ च्या जनगणनेत आसपासची वस्ती धरूनही लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आत होती. सभागृहही लीगमधल्या लहान सभागृहांपैकी एक आहे. २०२३-२४ च्या हंगामात हंगामी तिकिटांची संख्या साडेनऊ हजारांच्या घरात घसरली होती, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगचे आयुक्त गॅरी बेटमन स्वतः येथे येऊन गेले. म्हणून या पांढऱ्या गर्दीकडे पाहताना नुसता जल्लोष पाहून भागत नाही. यांतल्या चाळिशी ओलांडलेल्या माणसांनी आपला संघ जाताना पाहिला आहे आणि आपल्या मुलांना ते आज मुद्दाम येथे घेऊन आले आहेत. ज्यांना आत जागा मिळाली नाही, ते सभागृहाबाहेरच्या रस्त्यावर मोठ्या पडद्यासमोर उभे आहेत.

पहिल्या फेरीत दोन्ही संघांनी आपापले घरचेच सामने जिंकले. विनिपेगमध्ये जेट्स जिंकले, सेंट लुईसमध्ये ब्लूज, आणि तेथील तिन्ही सामन्यांत हेलेबकला मध्येच बाहेर काढावे लागले. लीगमध्ये पहिला आलेला संघ आणि त्याच्यापेक्षा वीस गुण मागे असलेला संघ ४ मे रोजी तीन-तीन अशा बरोबरीत सातव्या सामन्याला उतरले. आघाडीचा खेळाडू मार्क शायफली दुखापतीमुळे नव्हता आणि बचावपटू जॉश मॉरिसी सामन्याच्या सुरुवातीलाच जखमी होऊन परतला.

तिसऱ्या सत्राच्या शेवटी ब्लूज ३-१ ने पुढे आहेत. दोन मिनिटेही उरलेली नाहीत, आणि आर्निएल यांनी गोलरक्षकाला बाहेर बोलावून त्याच्या जागी सहावा आक्रमक पाठवला आहे. मागे गोलजाळी उघडी आहे. जेट्सचा नामेस्तनिकोव गोल करतो, ३-२. घड्याळात दोन-तीन सेकंद शिल्लक असताना कोल परफेटी स्टिकने चकतीची दिशा बदलतो, ३-३. या ठिकाणी निवेदनाला काही काम नाही. प्रेक्षकांचाच आवाज ऐकावा.

बाद फेरीत जादा वेळ म्हणजे पूर्ण वीस मिनिटांचे सत्र असते आणि पहिला गोल होईपर्यंत अशी सत्रे चालू राहतात. एक सत्र गोलाविना जाते. बर्फ सपाट करणारे वाहन पुन्हा आत येऊन जाते. दुसऱ्या सत्राचे सतरावे मिनिट चालू असताना नील पायंक दुरून फटका मारतो, आणि गोलजाळीच्या तोंडाशी, सरावात उभा असे अगदी त्याच जागी, कर्णधार लाउरीची स्टिक त्या चकतीला लागते. विनिपेग ४, सेंट लुईस ३.

दुसऱ्या फेरीत डॅलसने जेट्सना सहा सामन्यांत हरवले. १७ मे रोजी झालेल्या सहाव्या सामन्यात शायफली वडिलांच्या निधनाची बातमी कळल्यावरही खेळला आणि विनिपेगचा एकमेव गोल त्याने केला. डॅलसने जादा वेळेत सामना २-१ ने घेतला. हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हेलेबकला हार्ट ट्रॉफी मिळाली. उन्हाळ्यात जेट्सचा खेळाडू निकोलाय एलर्स कॅरोलायनाच्या संघात गेला, आणि शिकागोसाठी तीन स्टॅन्ली चषक जिंकलेला, विनिपेगमध्येच वाढलेला जोनाथन टेव्स जेट्सशी करार करून आपल्या शहरात खेळायला आला.