घर एकच, राज्यं तीन

मंडळी, मागच्या महिन्यात वडिलांची ट्रंक उघडली. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं आमचं घर जागचं वीतभरही हललेलं नाही. पण ट्रंकेतला 1954 चा शाळेचा दाखला 'मुंबई राज्य' म्हणतो, 1962 च्या खरेदीखतावर 'म्हैसूर राज्य' आहे आणि 1978 च्या रेशन कार्डावर 'कर्नाटक'. नातू म्हणाला, "आजोबा, देश तीनदा बदलला काय?" मी म्हटलं, "देश नव्हे रे, राज्य." तर लगेच पुढचा प्रश्न, "दोन्हींत फरक काय?" आज मी बोलायला उभा आहे तो त्या प्रश्नापायी.

अर्धा घोळ आपल्या शब्दांतच आहे. 'महाराष्ट्र' या नावात राष्ट्र आहे, पण तो देश नाही. 'अमेरिकेची संयुक्त संस्थाने' आपण शाळेत घोकलं, आणि इकडच्या माणसाला संस्थान म्हटलं की रामदुर्ग आठवतं. आज बेळगाव जिल्ह्यातला तालुका असलेलं रामदुर्ग 1948 पर्यंत संस्थान होतं. राजा होता, दरबार होता, पण परदेशाशी बोलायचं तर ते इंग्रज बोलणार. सार्वभौमत्व नसणं म्हणजे काय, ते इथं दिसतं.

1933 च्या माँटेव्हिडिओ करारानं देशाच्या चार खुणा सांगितल्या: कायमची वस्ती, ठरलेला प्रदेश, सरकार आणि इतर देशांशी व्यवहार करण्याची क्षमता. आकाराचा त्यात उल्लेखच नाही. नाऊरू बेट जेमतेम 21 चौरस किलोमीटरचं, वस्ती आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी. तरी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत त्याचं मत एक आणि भारताचंही एकच. उलट रोममधला 'सार्वभौम माल्टा ऑर्डर' हा कॅथलिक धर्मसंघ बघा. 1798 मध्ये नेपोलियननं त्यांचं माल्टा बेट घेतलं, तेव्हापासून त्यांच्याकडे स्वतःचा देश म्हणावा असा प्रदेश नाही. तरी शंभराहून जास्त देशांशी त्यांचे राजनैतिक संबंध आहेत, ते स्वतःचे पासपोर्ट काढतात. चौकटीत न बसणारी अशी प्रकरणं मला फार महत्त्वाची वाटतात, कारण मान्यता ही केवढी मोठी गोष्ट आहे ते त्यांच्यावरून कळतं.

नावाचंही तसंच आहे. देश आपलं नाव आपण ठरवतो. सिलोन 1972 मध्ये श्रीलंका झाला, स्वाझीलँड 2018 मध्ये इस्वातिनी. कुणाची हरकत नव्हती. मॅसेडोनियाला मात्र ग्रीसनं अडवलं, कारण त्याच नावाचा प्रांत ग्रीसमध्ये आहे आणि नावामागून जमिनीवर हक्क सांगितला जाईल ही धास्ती. 1993 मध्ये संयुक्त राष्ट्रांत त्याला प्रवेश मिळाला तो 'पूर्वाश्रमीचे युगोस्लाव्ह गणराज्य मॅसेडोनिया' अशा तात्पुरत्या नावानं. स्वतंत्र देश, आणि ओळख सांगायची ती युगोस्लाव्हिया या मोडलेल्या घराची! पंचवीस वर्षं हे चाललं. 2019 मध्ये तो 'उत्तर मॅसेडोनिया' झाला. एका दिशेच्या शब्दावर तोडगा निघाला. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता आपल्या घरात या. संविधानाचं पहिलंच कलम म्हणतं, 'इंडिया, अर्थात भारत, हा राज्यांचा संघ असेल.' 'संघ' हा शब्द का, ते डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत सांगितलं होतं: हा संघ राज्यांच्या आपसातल्या करारातून झालेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून बाहेर पडण्याचा हक्क नाही. आणि तिसऱ्या कलमानं राज्याचं नाव अन् सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला दिला. संबंधित विधानसभेचं मत मागवायचं, पण ते संसदेवर बंधनकारक नाही. ट्रंकेतले कागद त्यातूनच बदलले: 1 नोव्हेंबर 1956 ला आपण म्हैसूर राज्यात गेलो, 1 नोव्हेंबर 1973 ला म्हैसूरचं कर्नाटक झालं.

म्हणूनच आपल्या या सीमाभागाच्या वादावर 2004 साली महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. दोन सार्वभौम देशांचा सीमावाद असता तर हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जायला दोघांची संमती लागली असती. इथं ती लागली नाही. कर्नाटकाचं म्हणणं असं की सीमा ठरवणं हा संसदेचा अधिकार आहे, न्यायालयाचा नव्हे. म्हणजे आपली जमीन कुठल्या राज्याची याच्याही आधी, ते ठरवायचं कुणी, यावर वाद आहे. माझ्या वडिलांनी हयातभर त्या उत्तराची वाट पाहिली. परवा वारसाची नोंद करायची होती, तेव्हा 1962 चं ते खरेदीखत मी तलाठ्यापुढे ठेवलं. त्यानं 'म्हैसूर राज्य' हे शब्द दोनदा वाचले आणि सर्वे नंबर विचारला. तो मात्र तोच आहे.