टॅपेट वाजतायत, वाजू द्या

मंडळी, जुनी डिझेल गाडी सिग्नलला उभी असली की बॉनेटखालून शिलाई मशीनसारखी बारीक टिकटिक ऐकू येते. तिला आपण ‘टॅपेट वाजतायत’ म्हणतो; टॅपेट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह (हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) उघडणारे भाग. हा आवाज आला की मालकाचा जीव खालीवर होतो. तो गॅरेजात जातो आणि म्हणतो, ‘जरा टाइट करून द्या.’ मीही एकदा हेच म्हटलं होतं. माझ्या मामांकडून आलेली १९८२ची मर्सिडीज २४०डी मी एका गॅरेजात दिली. मिस्त्रींनी फिलर गेज (बारीक फट मोजायची ठरावीक जाडीची पाती) न लावता, कान देऊन टॅपेट बसवले. गाडी इतकी गप्प झाली की मी आनंदाने पेढे दिले. वर्षभरात एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे धूर बाहेर सोडणारी झडप, जळला आणि हेड, म्हणजे व्हॉल्व्ह बसवलेला इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागलं. तेव्हापासून हे काम मी स्वतःच्या हाताने करते, आमच्या सोसायटीच्या आवारात, सकाळी सातला.

असं का झालं, ते नीट समजून घेऊ. डिझेलला स्पार्क प्लग नसतो. या इंजिनात हवा एकवीसास एक इतकी, म्हणजे एकविसाव्या हिश्शाच्या जागेत, दाबली जाते. ती पाचशे अंशांच्या पुढे तापते आणि त्या उष्णतेने डिझेल पेटतं. म्हणजे सगळा खेळ दाबाचा. व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे मिटताना तो जिथे टेकतो त्या कड्यावर, घट्ट बसला नाही तर दाब निसटतो. मग सकाळी स्टार्टर दळत बसतो, आणि पेटली तरी पांढरा धूर निघतो. वरच्या मजल्यावरच्या आजी खिडकी लावून घेतात. ती खिडकी लागताना बघितली की मला आजही अपराधी वाटतं.

आता महत्त्वाचं. या इंजिनात वर कॅम (उंचवटे असलेला फिरता दांडा), खाली त्याने दबणारा रॉकर आणि त्याखाली व्हॉल्व्हचा दांडा असतो. वापराने व्हॉल्व्ह आणि त्याची सीट झिजते, व्हॉल्व्ह हेडमध्ये हळूहळू वर सरकतो आणि कॅम व रॉकरमधली गॅप कमी होते. वाढत नाही, कमी होते. गॅप संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटतच नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता मिटलेल्या अवस्थेत सीटमधूनच बाहेर जाते. तो मिटला नाही तर ती उष्णता जायची कुठे? कडा लाल होते, जळते, तिचा तुकडा उडतो. आणि हे सगळं अगदी शांतपणे चाललेलं असतं. मोठी गॅप वाजून स्वतःची तक्रार करते. लहान गॅप तोंडातून शब्द काढत नाही. तेव्हा गाडी नेहमीपेक्षा गप्प वाटू लागली की खूश होऊ नका, टॅपेट कव्हर उघडा.

माप अगदी साधं आहे. थंड इंजिनावर इनटेकला (हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला) ०.१० मिलिमीटर, एक्झॉस्टला ०.३०. एक्झॉस्ट जास्त तापतो आणि जास्त लांबतो, म्हणून त्याला मोकळीक जास्त. ०.१० म्हणजे जवळजवळ केसाची जाडी. ती कानाने कशी मोजणार? हे आकडे या इंजिनाचे आहेत. ॲम्बॅसेडर किंवा सुमो असेल तर तिच्या पुस्तिकेतले घ्या. नंतरच्या मर्सिडीजमध्ये तेलाच्या दाबाने गॅप आपोआप सांभाळणारे हायड्रॉलिक टॅपेट आले, त्यांना हे करावंच लागत नाही.

सामान थोडंसंच लागतं. फिलर गेज मी मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर घेतलं. चौदाचे दोन पाने लागतात, आणि वाकवलेले मिळाले तर फारच बरं, कारण सरळ पाना तिथे फिरत नाही. तिसरा पाना व्हॉल्व्ह स्प्रिंगची टोपी धरून ठेवायला. क्रँक (इंजिनाचा मुख्य दांडा) फिरवायला सत्तावीसचं सॉकेट. टॅपेट कव्हरचं नवीन पॅकिंग आधीच आणून ठेवा. हेच इंजिन पुण्याच्या बजाज टेम्पोने परवाना घेऊन आपल्या ट्रॅक्स गाडीसाठी बनवलं. माझं अर्धं सामान कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर ट्रॅक्सचं म्हणूनच मिळतं.

गाडी रात्रभर थंड झालेली असू द्या. न्यूट्रलमध्ये टाका, चाकांना विटा लावा, किल्ली काढून खिशात ठेवा. कव्हर काढल्यावर पुढच्या बाजूला, जिथे क्रँकवरून कॅम फिरवणारी टायमिंग चेन खाली उतरते, तिथे स्वच्छ फडकं कोंबा. तिथून नट पडला तर तो थेट आत जातो आणि रविवार वाया जातो. क्रँक पुलीचा बोल्ट घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरवा. उलटा कधीही नाही, आणि कॅमच्या बोल्टने तर मुळीच नाही; चेन आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर बिघडतात. एकवीस पट दाबाविरुद्ध ढकलताना हात भरून येतात. घाई न करता थांबत थांबत ढकला, दाब आपोआप निसटतो. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे) काढले तर काम सोपं होतं, पण मी काढत नाही. जुना प्लग हेडमध्ये तुटायची भीती वाटते.

कॅमचा उंचवटा रॉकरपासून दूर, वर आला की त्या व्हॉल्व्हची गॅप मोजायची. इनटेक कोणता, हे पाठ करायची गरज नाही. व्हॉल्व्हच्या समोर कोणता पाइप येतो ते बघा. गेजचं पातं कॅम आणि रॉकरच्या मध्ये सरकवा. पातं जाताना जरासं ओढल्यासारखं वाटलं पाहिजे, लोण्यात सुरी जाते तसं नाही आणि ओढून काढावं लागेल असंही नाही. माझी दुसरी खूण अशी की ०.१०चं जातं आणि ०.१५चं अडतं. वरचा नट फिरवून गॅप बसवायची, खालचा लॉक नट आवळायचा आणि पुन्हा मोजायचं. आवळताना गॅप हमखास हलते. पहिल्या वेळी मला एका व्हॉल्व्हला वीस मिनिटं लागली होती. आता आठही तासाभरात होतात.

किती दिवसांनी करायचं? अमेरिकेत विकलेल्या गाड्यांच्या पुस्तिकेत १५,००० मैल, म्हणजे सुमारे २४,००० किलोमीटर लिहिलेत. पण मुंबईत किलोमीटर मोजून चालत नाही. सायन ते घाटकोपर तास-दीड तास रखडलात तर मीटर जेमतेम हलतो, इंजिन मात्र चालूच असतं. आयडलिंगला साडेसातशे फेरे धरले तर एकेक व्हॉल्व्ह मिनिटाला पावणेचारशे वेळा उघडतो, तासाला २२,५००. म्हणून मी पावसाळा संपला की दरवर्षी करते, मीटर काहीही सांगो. आणि मोजलेला आकडा वहीत लिहिते. गेल्या तीन वर्षांत तिसऱ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट दरवेळी ०.०५ने लहान निघाला. बाकीचे सात जागचे हलले नाहीत. त्यामुळे हेड कधी उतरवावं लागेल, याचा अंदाज मला आजच आहे.

शेवटी नवीन पॅकिंग लावा आणि कव्हरचे नट हलक्या हाताने, आलटून पालटून आवळा. गाडी सुरू करून दहा मिनिटं चालू ठेवा, मग कव्हरच्या मागच्या कोपऱ्यावर बोट फिरवा. तिथे तेल लागलं तर पॅकिंग नीट बसलेलं नाही. बोट कोरडं निघालं तर हात धुवा आणि चहा घ्या. टिकटिक येतच राहील.